धक्क्यावरच्या होइस्टचा ब्रेकिंग रेझिस्टर : पाऊस आत न येता उष्णता बाहेर कशी काढायची?

झुआरीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या झुआरी नदीच्या काठावरच्या एका यार्डात बोटी दुरुस्तीचं काम चालतं, तिथली विजेची देखभाल माझ्याकडे. धक्क्यावर उघड्यावर दहा टनांची गँट्री क्रेन आहे. जुनी स्लिपरिंग मोटर आणि तिचे रेझिस्टन्स बॉक्स काढून होइस्टला, म्हणजे वजन उचलणाऱ्या यंत्रणेला, ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) बसवला. काम झकास झालं, फक्त ब्रेकिंग रेझिस्टर, म्हणजे वजन खाली येताना मोटरने तयार केलेली वीज उष्णता करून जाळणारा बॉक्स, डोकेदुखी होऊन बसलाय.

पुरवठादाराने जो बॉक्स दिला तो आयपी-२० (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा), म्हणजे खोलीत ठेवायचा. तो गर्डरवर चढवला आणि म्हणाला, वर पत्र्याची टोपी ठोका, काय होत नाही. एका पावसाळ्यात चिनी मातीच्या नळ्यांना तडे गेले, टर्मिनल हिरवीगार झाली आणि आत येणारी पीव्हीसी केबल इतकी कडक झाली की हातात घेताच इन्सुलेशनचे तुकडे पडले.

आता नवीन करायचाय. मालकांचा आग्रह आहे की पूर्ण बंद, गास्केटवाला, आयपी-६५ बॉक्सच करा. 'पाणीच आत गेलं नाही तर बिघडणार काय?' मला हे पटत नाही, पण आकड्यांत सांगता येत नाहीये. माहिती अशी: वजन १० टन, उंची १० मीटर, वेग मिनिटाला १० मीटर, सप्लाय ४१५ व्होल्ट. काम जोरात असलं की साधारण अडीच मिनिटांत एक खेप. माल वरून खालीच यायचा, रिकामा हूक वर जायचा.

ओहम शांती

आयपी-६५ करा आणि सकाळचा वेळ गावच्या पोदेराला (पाववाल्याला) भाड्याने द्या. उंडे, म्हणजे गोल पाव, मस्त भाजले जातील.

पॅनेलवाली

ओहमबाबांनी चेष्टा केली, पण भट्टीच होणार हे खरं. आकडे घ्या, मालकांना कागदावर दाखवा.

१० टन वजन मिनिटाला १० मीटर वेगाने खाली येतंय म्हणजे १०,००० × ९.८१ × १० भागिले ६० सेकंद, सुमारे १६.४ किलोवॅट. गिअरबॉक्स आणि मोटर त्यातलं थोडं खातात. ८५ टक्के धरले तर रेझिस्टरपर्यंत सुमारे १३.९ किलोवॅट पोचतात, तेही पूर्ण ६० सेकंद. अडीच मिनिटांत एक खेप म्हणजे ४० टक्के ड्यूटी, अडीचपैकी एक मिनिट रेझिस्टर तापतो. सरासरी काढली तर ५.६ किलोवॅट. ही उष्णता दिवसभर कुठेतरी जायलाच हवी.

आता बंद बॉक्स. रंगवलेल्या पत्र्याच्या पॅनेलसाठी आम्ही दर चौरस मीटरला, दर अंशाला ५.५ वॅट धरतो. तुमच्या गर्डरवर मावेल असा मोठ्यात मोठा बॉक्स घेतला तरी हवेला उघडा पत्रा ३ चौरस मीटरच्या वर जाणार नाही. म्हणजे अंशाला १६.५ वॅट. ५,६०० भागिले १६.५, आतली हवा बाहेरच्यापेक्षा ३४० अंशांनी गरम! एवढ्या तापमानाला पत्रा जास्त उष्णता टाकतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा बराच खाली येईल हे मान्य. पण निम्मा झाला तरी गास्केट, रंग, केबल यांतलं काय टिकणार?

आणि ही आतली हवा झाली. रेझिस्टरच्या पट्ट्या त्याहून वर.

वेर्णा वायरमन

ताई, हिशेब बरोबर आहे, पण बंद रेझिस्टर चालतच नाहीत असं नका म्हणू. आमच्या फॅक्टरीत ॲल्युमिनियमच्या खोळीत बंद केलेले, वाळू भरलेले आयपी-६५ रेझिस्टर कन्व्हेयरवर लावलेत. धूळ आहे, धुण्याचं पाणी उडतं, तक्रार नाही.

पॅनेलवाली

कन्व्हेयर किती वेळा थांबतो? दिवसातून मोजक्या वेळा, आणि ब्रेकिंग दोन-चार सेकंद. तिथे सरासरी काही वॅटच भरते, म्हणून बंद खोळ चालते. त्या रेझिस्टरची खरी कमाई उष्णता टाकण्यात नाही, क्षणभर साठवण्यात आहे. शिवाय त्यावर छापलेले वॅट बहुतेक वेळा मोठ्या हीटसिंकवर घट्ट बसवल्यावरचे असतात. नुसता भिंतीला ठोकला की तो आकडा बराच घसरतो. कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर तो आलेख असतो आणि ते पान कोणी उघडत नाही.

होइस्टचं गणित वेगळं. इथे मोटर पूर्ण एक मिनिट जनरेटर असते.

तांबडी माती

मी डिचोली तालुक्यात खाणीच्या प्लँटवर इलेक्ट्रिशियन म्हणून आयुष्य घालवलं. आता निवृत्त. झुआरीकाठ बाब, तुमच्या मालकांचा प्रश्न उलटा करून बघा. पाणी आत येणारच. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही आडवा. आलेलं पाणी थांबलं नाही म्हणजे झालं.

जुन्या क्रेनवर ओतीव लोखंडाच्या ग्रिड, म्हणजे रेझिस्टरच्या पट्ट्यांच्या रांगा, असत. गंजायच्या, पण चालायच्या. मोडायच्या त्या हादऱ्याने, कारण ओतीव लोखंड ठिसूळ. नंतर स्टेनलेसच्या पट्ट्यांच्या ग्रिड आल्या, दांड्यावर अभ्रकाची नळी, मध्ये चिनी मातीचे वॉशर. त्या बॉक्सला खाली तळच नसे, नुसती जाळी. वर छप्पर, चारी बाजूंनी हातभर बाहेर आलेलं. पाऊस तिरका आला तर पट्ट्यांवर पडायचा, चर्रर्र आवाज व्हायचा, वाफ व्हायची, खाली गळून जायचा. पट्टीला काही होत नसे.

तुमच्या नळ्या तडकल्या त्याचं कारण हेच. तारेची गुंडाळी असलेली चिनी मातीची नळी तापलेली असताना तिच्यावर गार थेंब पडला की तडा जाणारच. एकदा तडा गेला की मीठ आणि ओल आत शिरते, तार तिथेच तुटते. उघड्यावर तारेच्या नळ्या लावूच नयेत, हे माझं स्पष्ट मत.

आमच्या बाजूला आणखी एक शत्रू होता, खनिजाची धूळ. कोरडी असताना काही करत नाही. जूनच्या पहिल्या सरीत तिचा चिखल होऊन इन्सुलेटरवर बसला की त्याच्यावरून करंट रांगतो. म्हणून मे महिन्यात ब्रश आणि हवेने बॉक्स साफ करणं हे ठरलेलं काम. धक्क्यावर धुळीऐवजी मीठ बसेल, इतकाच फरक. मीठ नुसत्या हवेने निघत नाही, गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावं लागतं.

घाटचढ

थोडं अवांतर, पण काकांनी ग्रिडचा विषय काढलाच आहे म्हणून. कॅसलरॉक ते कुळे हा २६ किलोमीटरचा घाट, चढ ३७ ला १. लोखंडाची गाडी उतरताना डिझेल इंजिन नुसत्या ब्रेकच्या ठोकळ्यांवर राहत नाही. चाकं फिरवणाऱ्या ट्रॅक्शन मोटर जनरेटर होतात आणि ती वीज इंजिनाच्या छपराखालच्या ग्रिडमध्ये जाळली जाते. दूधसागरला उभं राहिलात तर उतरणाऱ्या गाडीचा जो घोंघाट ऐकू येतो, त्यात या ग्रिडच्या पंख्याचा वाटा मोठा.

त्यातली युक्ती मला फार आवडते. तो पंखा वेगळ्या सप्लायवर नाही. त्याची मोटर ग्रिडच्याच एका भागाला जोडलेली असते. ब्रेकिंग जितकं जास्त, ग्रिडवर तितका व्होल्टेज जास्त, पंखा तितका जोरात. थर्मोस्टॅट नको, कंट्रोल नको. ब्रेकिंग थांबलं की पंखाही थांबतो.

झुआरीकाठ

सगळ्यांना धन्यवाद, मालकांना पॅनेलवाली ताईंचा हिशेब दाखवला. ३४० ऐकून गप्प झाले, मग म्हणाले, 'मग पंखा लावा.' म्हणजे आता पुढचा प्रश्न आला. घाटचढ यांच्या रेल्वेसारखा पंखा आम्हाला चालेल का?

पॅनेलवाली

पंख्याचा हिशेब सोपा आहे. हवेतून १ किलोवॅट उचलायचा तर तासाला लागणारे घनमीटर म्हणजे ३,००० भागिले तापमानातली वाढ. बाहेर पडणारी हवा १०० अंशांनी गरम चालणार असेल तर किलोवॅटला ३० घनमीटर. तुमच्या ५.६ किलोवॅटला १६८. छोटासा पंखाही एवढी हवा सहज ढकलतो.

पण मी लावणार नाही. १६८ घनमीटर हवा तुमच्या बॉक्समधून चिमणीसारखी आपोआपही जाते, तळ उघडा आणि वर वाट मोकळी असेल तर. पंखा लावला की त्याच्यासोबत बेअरिंग आलं, कपॅसिटर आला, आणि झुआरीचं मीठ त्याच्यातून जोराने आत ओढलं जाणार. पंखा बंद पडल्याचं कळायला हवेचा स्विच लावा, तो गंजला की होइस्ट उगाच ट्रिप. रेल्वेला जागा नाही आणि शेकडो किलोवॅट जाळायचे आहेत, म्हणून तिथे पंख्याला पर्याय नाही. तुम्हाला गर्डरवर जागा आहे. जागा हाच तुमचा पंखा.

शिडाची होडी

मी टगवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, असतो. पाण्याने थंड होणारे रेझिस्टर कोणी सुचवले नाहीत म्हणून लिहितो. मिनिटाला १ लिटर पाण्यात १ किलोवॅट घातला तर पाणी सुमारे १४ अंशांनी तापतं. ५.६ किलोवॅटला मिनिटाला १० लिटर दिले तर वाढ फक्त ८ अंश. आकार बुटांच्या खोक्याएवढा, पूर्ण बंद, बाहेरून हात लावता येतो. जहाजावर तसेच बसवतात, कारण इंजिन रूममध्ये गरम हवा सोडायला जागाच नसते.

वेर्णा वायरमन

मग धक्क्यावरून पंप टाकून झुआरीचंच पाणी फिरवायचं? फुकट.

शिडाची होडी

अजिबात नको! भरतीला ते खारंच असतं. पाइपात कालवं धरतात, गाळ बसतो, आणि क्लोराइड स्टेनलेसच्या नळीला बारीक भोकं पाडतं. आम्ही आत गोड्या पाण्याचं बंद सर्किट ठेवतो आणि समुद्राचं पाणी फक्त प्लेट हीट एक्स्चेंजरच्या दुसऱ्या बाजूला. एका होइस्टसाठी हा सगळा पसारा, तोही सरकत्या गँट्रीवर, मी तरी करणार नाही. पर्याय आहे एवढंच सांगितलं. पंप बंद पडला तर काही सेकंदांत वाफ होते हेही लक्षात असू द्या.

वेर्णा वायरमन

बरं, रेझिस्टरच नको असं का नाही? वीज परत लाइनमध्ये टाकणारे ड्राइव्ह मिळतात. उष्णता नाही, बॉक्स नाही, बिल कमी.

झुआरीकाठ

विचारलं होतं. किंमत ऐकून मालकांनी चहा मागवला आणि विषय बदलला. त्यातून पावसात आमच्याकडे वीज कितीदा जाते ते तुम्हाला माहीत आहे. लाइनच नसेल तर वीज परत टाकायची कुठे? अर्थात तेव्हा यांत्रिक ब्रेक धरतोच, धरलाच पाहिजे, पण मला साधी गोष्ट बरी.

तर उघडा बॉक्स, पंख्याशिवाय, स्टेनलेसची ग्रिड. एवढं नक्की झालं. ओहम किती घेऊ? पुरवठादार ४३ म्हणतोय.

पॅनेलवाली

इथे जरा थांबा, कारण याच जागी पुष्कळ जण फसतात.

४१५ व्होल्टच्या ड्राइव्हचा डीसी बस, म्हणजे आतली डीसी विजेची लाइन, ५८७ व्होल्टच्या आसपास असतो. ब्रेकिंगचा चॉपर, म्हणजे जादा वीज रेझिस्टरकडे वळवणारा स्विच, साधारण ७८० ला चालू होतो, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा. ७८० चा वर्ग भागिले १३.९ किलोवॅट, आले ४३ ओहम आणि काही. पुरवठादाराने एवढंच केलंय. पण हे ४३ गार असताना की गरम असताना?

३०४ ग्रेडचं स्टेनलेस तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, दर १०० अंशांना जवळजवळ १० टक्के. पट्टी ४०० अंशांनी तापली तर ४३ चे ६० झाले. मग ७८० व्होल्टला फक्त १० किलोवॅट जळतात, येतायत मात्र १३.९. उरलेली वीज बसमध्ये चढते आणि ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो, वजन अर्ध्यावर लटकत. गंमत म्हणजे सकाळी सगळं ठीक चालतं, दुपारी जेवणाआधी ट्रिप. मग सगळे ड्राइव्हला शिव्या घालतात.

दोन उपाय. एक, गार असताना ३३ ओहम घ्या, म्हणजे ३०० अंश वाढीला ते ४३ होतील. पण गार असताना करंट २३.६ अँपिअर जाईल, तो तुमच्या चॉपरला झेपतो का, म्हणजे मॅन्युअलमधला 'कमीत कमी ओहम' ३३ च्या खाली आहे का, ते आधी तपासा. दोन, निक्रोम किंवा लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमची पट्टी घ्या. तिचा रेझिस्टन्स गरम झाल्यावर चार-सहा टक्केच हलतो. महाग आहे.

पट्ट्यांचं वजनही विचारा, ते कोणी विचारत नाही. एका खेपेला सुमारे ८३४ किलोज्यूल येतात. १० किलो स्टेनलेस असेल तर हवेने काहीच नेलं नाही असं धरून एका खेपेत १६७ अंश वाढ. २० किलो असेल तर निम्मी. जड ग्रिड म्हणजे शांत ग्रिड.

घाटचढ

वाचनखूण साठवली.

तांबडी माती

ताईंनी विजेचं सांगितलं, मी पत्र्याचं सांगतो.

बॉक्स ३१६ स्टेनलेसचा करा, परवडत नसेल तर हॉट डिप गॅल्व्हनाइज, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून, वर रंग. पण जस्त बॉक्सलाच हवं, आतल्या दांड्याला, नटाला, पट्टीच्या जवळ कशालाही नको. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि वितळलेलं जस्त तापलेल्या स्टेनलेसला चिरा पाडतं. फिटर लोक हाताला येतील ते गॅल्व्हनाइज नट लावतात, उभं राहून बघा.

आयपी-२३ पुरे. साठ अंशांपर्यंत तिरकं आलेलं पाणी त्यात धरलेलं आहे. लूव्हरची, म्हणजे हवेच्या झडपांची, पाती खाली वळलेली, छप्पर बाहेर आलेलं, छपराच्या आणि बॉक्सच्या मध्ये हवा निघायला चारी बाजूंनी फट. बॉक्स पायांवर उचला, नाहीतर गर्डरच्या प्लेटवर आपटलेलं पाणी खालून उडतं. वर निदान अर्धा मीटर काही नको. आमच्याकडे कुणी शहाण्याने बॉक्सच्या बरोबर वरून केबल ट्रे नेला होता. एका सीझनमध्ये ट्रेमधल्या सगळ्या केबल बदलाव्या लागल्या.

टर्मिनल ग्रिडच्या बॉक्समध्ये ठेवू नका. बाजूला खाली वेगळी पेटी, ती मात्र गास्केट लावून घट्ट बंद. मालकांची आयपी-६५ ची हौस तिथे भागवा. आत येणारी केबल सिलिकॉन रबरची, तार कलई केलेली, तिच्या टोकाचे लग्जही कलईचे.

आणि जाळी. पाल आत जाऊ नये इतकी बारीक, पण मिठाने बुजू नये इतकी मोठी. कुंभारमाशी लूव्हरमध्ये मातीचं घर करते ते तर सगळ्यांना ठाऊक आहे. एक पूर्ण बाजू तिने लिंपून टाकलेली मी बघितली आहे, हवा जाणार कुठून?

झुआरीकाठ

काका, हे सगळं ड्रॉइंगवर घेतो. चवथीला (गणेशचतुर्थीला) यार्ड बंद असतं, तेव्हा बदलायचा विचार आहे.

तांबडी माती

चवथीनंतर चालू करताना सांभाळा. बॉक्स रोज तापतो तोवर कोरडा राहतो. बंद पडला की अभ्रक आणि इन्सुलेटर ओल धरतात. २०१२ ला खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या चालल्या, २०१८ ला परत बंद. उभ्या राहिलेल्या प्लँटचे रेझिस्टर आम्ही जेव्हा जेव्हा तपासले तेव्हा मेगरचा (इन्सुलेशन तपासायच्या मीटरचा) काटा जवळजवळ शून्यावर. फॉल्ट नव्हता, नुसती ओल. बल्ब किंवा छोटा हीटर लावून वाळवले की काटा परत वर. मेगर करताना ड्राइव्हच्या तारा आधी सोडवा, नाहीतर मेगरच ड्राइव्हला मारेल. आणि ड्राइव्ह बंद केल्यावर बस उतरायला वेळ द्या, मीटर लावून खात्री केल्याशिवाय टर्मिनलला हात नको.

ओहम शांती

आता खराखुरा प्रश्न. या बॉक्सला थर्मोस्टॅट असतो ना? आमच्या ओळखीतल्या एका गोदामात तो होता, तरी बॉक्स लाल होऊन पेटला.

पॅनेलवाली

थर्मोस्टॅट कुठे जोडला होता ते विचारा. माझ्या मते ड्राइव्हच्या 'एक्स्टर्नल फॉल्ट'वर, म्हणजे बाहेरचा बिघाड ड्राइव्हला कळवायच्या टर्मिनलवर, असणार. बहुतेक जण तिथेच जोडतात.

चॉपरचा आयजीबीटी, म्हणजे त्यातला इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट झाला की रेझिस्टर थेट डीसी बसवर बसतो. होइस्ट उभा असला तरी ५८७ व्होल्ट सतत. ३३ ओहमला हे सुरुवातीला १०.४ किलोवॅट होतात, पट्टी तापल्यावर ८. बॉक्स बनवलाय सरासरी ५.६ साठी. ड्राइव्हला फॉल्ट दिला तर ड्राइव्ह मोटर थांबवतो, पण इनपुटचा डायोड ब्रिज बसला वीज देतच राहतो. रेझिस्टर जळतच राहतो.

म्हणून थर्मोस्टॅटचा बंद कॉन्टॅक्ट ड्राइव्हच्या आधीच्या मेन कॉन्टॅक्टरच्या (लाइन जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलला सिरीजमध्ये. तापलं की लाइनच सुटली पाहिजे. थर्मोस्टॅटची तार तुटली तरी कॉन्टॅक्टर पडतो, हा फायदा. फक्त होइस्ट आहे म्हणून एक अट: कॉन्टॅक्टर पडल्याक्षणी यांत्रिक ब्रेक स्प्रिंगने बसलाच पाहिजे. ब्रेकचा सप्लाय त्याच कॉन्टॅक्टरनंतरच्या बाजूने घ्या, म्हणजे कॉन्टॅक्टर पडला की तोही जाईल, आणि पूर्ण वजन लटकवून एकदा हाताने ट्रिप करून बघा.

झुआरीकाठ

आत्ताच पॅनेल उघडून बघितलं. आमचाही एक्स्टर्नल फॉल्टवरच आहे. चवथीपर्यंत थांबत नाही, ही तार उद्या सकाळीच बदलतो. थर्मोस्टॅट बॉक्सच्या आत कुठे बसवायचा?

पॅनेलवाली

वरच्या बाजूला, गरम हवा जिथून बाहेर पडते तिथे, पट्टीला न चिकटता. किती अंशांचा ते ग्रिड बनवणाऱ्याकडून लिहून घ्या. आणि बॉक्स बदलाल तेव्हा पहिल्या खेपांना थोडा धूर येईल, पट्ट्यांवरचं तेल जळतं. धक्क्यावरच्या लोकांना आधी सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी बादली घेऊन वर चढेल.